श्रीकाकाचं इटालियन सँडविच

आमच्या घरात जेवणापेक्षा झाकपाकीला मान जास्त होता. आठच्या सुमाराला शेवटचं ताट उचललं की आई उरलंसुरलं लहान भांड्यांत काढायची, दुधाला विरजण लावायची, ओटा आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसायची, गॅस खालून बंद करायची आणि दिवा मालवायची. या सगळ्याला मिळून झाकपाक. ती एकदा झाली की स्वयंपाकघर संपलं. मग तुम्हाला भूक लागो, घेरी येवो, नाहीतर साक्षात विष्णू दारात येऊन उभा राहो, पाणी प्या आणि झोपा. नियम केला बाबांनी आणि पाळायची आई. बाबा भूगोलाचे मास्तर. जगातली कुठली नदी कुठे उगम पावते ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. साखर कुठल्या डब्यात असते ते मात्र माहीत नव्हतं आणि आपल्याला ते माहीत नाही हे ते चारचौघांत अभिमानानं सांगायचे. माझ्या बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी पोळी-गुळाची गुंडाळी मागितली, तेव्हा त्यांनी मला शिस्त या विषयावर एक तास ऐकवलं होतं. त्या तासात मी चार पोळ्या खाऊन झोपलेसुद्धा असते.

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. खाली छापखाना होता, त्याचं यंत्र दिवसभर खडखडायचं आणि संध्याकाळी थांबलं की एकदम कान मोकळे झाल्यासारखे वाटायचे. मग शेजारच्यांचा रेडिओ, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि जिन्यात बाबांच्या चपला. जेवण वाईट नसायचं, पण त्याला काही महत्त्वाकांक्षाच नव्हती. सोमवारी जी आमटी तीच गुरुवारी. आईच्या हाताला खरी चव होती, पण बाबांना ‘भलतंसलतं’ चालत नसे आणि मेथीच्या भाजीत लसूण जरा जास्त पडला तरी त्यांच्या हिशेबी ते भलतंसलतं. आई पानावर कधीच कुणाच्या बरोबर बसली नाही. सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी पाट घेऊन बसायची आणि पातेल्याच्या तळाशी असेल ते खायची. मला ते दिसायचं, पण सूर्य पूर्वेला उगवतो तसंच हे, असं समजून मी मोठी झाले.

श्रीकाका हा बाबांचा धाकटा भाऊ. पिंपरीतल्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि कारखान्यानं त्याला सहा महिने इटलीला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथून तो एक टोपी, एक तेलाची बाटली आणि भरपूर उच्चार घेऊन परत आला. साध्या टोमॅटोबद्दल बोलतानाही हात हवेत फिरवायला लागला. काकू बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे दर शनिवारी-रविवारी स्वारी आमच्याकडेच. आईनं गरम पोळी वाढली की हा म्हणायचा, ‘‘वहिनी, पोळी छानच आहे, पण तिथला पाव म्हणजे...’’ आणि डोळे मिटून घ्यायचा. पोळ्या मात्र मोजून सहा खायचा. तिथे लोक रात्री दहाला जेवायला बसतात, असंही सांगायचा. एरवी साडेआठनंतर जेवणाऱ्या माणसाला बाबा अधःपतित समजायचे, पण सांगणारा परदेशातून आलेला सख्खा भाऊ! ‘‘समुद्रकाठचं हवामान,’’ ते गंभीरपणे म्हणायचे, ‘‘त्याचा पचनावर परिणाम होतो.’’ मुंबई कुठल्या काठावर आहे ते मी विचारलं नाही. आमच्याकडे भूगोलाचे प्रश्न फक्त बाबांनी विचारायचे असत.

हल्ली माझी भाची रात्री साडेअकराला फोनवर बोट फिरवते आणि अर्ध्या तासात एक दमलेला मुलगा हेल्मेट घालून दारात खोका घेऊन उभा राहतो. खोक्यात सँडविच. त्याच्यावर कागद, कागदावर आणखी कागद, आणि आत दोन पानं आणि चीजचा एक पापुद्रा. ती त्याचा आधी फोटो काढते. मी म्हणते, बाई गं, खा आधी, ते काय पळून चाललंय का? तिला वाटतं आत्याला यातलं काही कळत नाही. वाटू दे.

तर त्या उन्हाळ्यात माझं एकच काम अडलं होतं. मला हॉटेलच्या स्वयंपाकाचा कोर्स करायचा होता. पुण्यातच कॉलेज होतं, मार्क पुरेसे होते, प्रवेशाचा शेवटचा दिवस सोमवार होता, आणि बाबा एकच वाक्य बोलून मोकळे झाले होते: ‘‘हॉटेलात काम करायला शिकावं लागतं होय?’’ त्यांनी माझ्यासाठी बी.कॉम. ठरवलं होतं. वडिलांनी बरोबर येऊन सही केल्याशिवाय प्रवेश होणार नव्हता. आई गप्प. तेव्हा मी श्रीकाकाला धरलं. म्हटलं, जग बघून आलाय, याला तरी कळेल. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘नीलू, तू काळजीच करू नकोस. तिकडे शेफ म्हणजे काय मान असतो माहितेय? शनिवारी मी दादाला पटवतो. माझं तो ऐकतो.’’ हे शेवटचं खरं होतं. बाबा त्याचं खरोखरच ऐकायचे. मी आठवडाभर त्या शनिवारावर डोळे लावून बसले.

शनिवारी संध्याकाळी बाबा आणि काका संस्कृतीवरच्या कुठल्याशा व्याख्यानाला गेले. व्याख्यान असलं की आमच्याकडे सहालाच जेवून घ्यायची पद्धत होती. संस्कृती काही रिकाम्या पोटी ऐकायची नसते. ते गेल्यावर आम्ही दोघी जेवलो, म्हणजे मी जेवले आणि आईनं उरलेल्या भाताला ताक लावून घेतलं. झाकपाक झाली. साडेनऊला जिन्यात चपला वाजल्या, त्या मात्र चार जोडांच्या. बाबा, काका, संस्कृतचे लिमये सर आणि वैद्य वकील. व्याख्यात्यानं म्हणे प्रश्नोत्तरं फार लांबवली आणि चौघांनाही पुन्हा भूक लागली होती. काकाच्या हातात कॅम्पातल्या बेकरीची पिशवी होती, त्यातून चार लांबलचक पाव बाहेर डोकावत होते.

‘‘वहिनी, तुम्ही आज नुसतं बसायचं!’’ काकानं दारातूनच जाहीर केलं. ‘‘आज मी करणार. सँडविच. आपलं ते चटणी फासलेलं मेणचट प्रकरण नव्हे. खरं इटालियन, पोटभरीचं!’’

आईनं बाबांकडे बघितलं. आता ते नियम सांगतील, असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं. पण बाबा टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, ‘‘होऊन जाऊ दे.’’ बस्स. इतक्या वर्षांची शिस्त, आणि ती उडवायला तीन शब्द पुरले. पोळी-गुळाला नाही उघडलं ते स्वयंपाकघर पावासाठी सताड उघडलं. मला इतका संताप आला की मी दिव्याचं बटण दाबलं ते त्याचं टोपण हातात आलं.

काकानं पंचा खांद्यावर टाकला आणि कामाला सुरुवात केली. सुरुवात म्हणजे काय, तर सगळे डबे उघडले. सुरी कुठे असते, पॅन कुठे असतं, पॅन नाहीच का, मग तवा कुठे असतो. पुसलेल्या ओट्यावर पाव ठेवून त्यानं असा काही कापला की अर्धा पाव भुगा होऊन जमिनीवर आला. एका टोमॅटोचा जीव घेतला. मग म्हणाला, तुळस आणा, तुळशीशिवाय इटालियन होत नाही, आणि गॅलरीकडे निघाला. तिथे मात्र आई आडवी आली. ‘‘भावजी, दिवेलागणीनंतर तुळस तोडत नाहीत.’’ तो हिरमुसला. शेवटी कांदा हातात घेतला, डोळ्यांना पाणी आलं, बोटाला जराशी सुरी लागली, आणि मग म्हणाला, ‘‘नीलू, तू जरा बघतेस का इकडे? मी त्यांना थोडी पार्श्वभूमी सांगून येतो.’’ आणि गेला तो गेलाच. बाहेरच्या खोलीतून रोम, मिलान, पाव, द्राक्षं, सगळं ऐकू यायला लागलं. मधेच एक हाक आली, ‘‘आणि माझं ऑलिव्ह तेल घाल हं! हात आखडू नकोस!’’

हे तेलाचं प्रकरण सांगितलं पाहिजे. काकानं इटलीहून आणलेली ती बाटली मोठ्या प्रेमानं आईला दिली होती. आता त्या काळी आमच्या पेठेत ऑलिव्ह तेल म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं, तान्ह्या बाळाच्या मालिशचं. घरात बाळ नव्हतं, पण बाबांचे गुडघे होते. आईनं बाटलीत भीमसेनी कापूर विरघळवला आणि रोज रात्री बाबांच्या गुडघ्यांना ते चोळलं. गुणही आला. बाटली मोरीतल्या फळीवर असायची, उटण्याच्या शेजारी. काकाला हे सांगायचं धैर्य कुणाला झालं नव्हतं. भेट म्हणून दिलेलं तेल गुडघ्यांवर गेलं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी शेंगदाण्याचं तेल घेतलं. काकाच्या त्या पावाच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या होत्या की त्यातली बढाई चाळून टाकली तर खाली कृती उरत होती. पाव बाहेरून कडक आहे, तेव्हा आत ओलं हवं, आणि ओलं असलं तरी पावानं ते पिऊन घ्यायला हवं. तेल कोमट करून त्यात लसूण ठेचून टाकला, लिंबू पिळलं, मीठ आणि मिरी. एक मोठं वांगं होतं, त्याच्या जाड चकत्या केल्या. आई दाराला टेकून उभी होती. ‘‘चांगल्या भाजून घे,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘कच्चं वांगं घशाला खाजतं.’’ तव्यावर चकत्या दोन्ही बाजूंनी काळपट होईपर्यंत भाजल्या, ढोबळी मिरची जाळावर धरून तिची साल काढली, कांदा तांबूस केला, सकाळचा उकडलेला बटाटा होता तो हातानंच मोडून घातला. आईनं मागच्या गॅलरीतल्या डब्यातल्या, तुळशीच्याच जातीच्या सब्ज्याची पानं आणून दिली. सब्ज्याला काही दिवेलागणीचा नियम नव्हता. पाव उभा चिरून आतला मऊ भाग थोडा काढला, कवचाला तेल नीट मुरवलं, थर लावले, वर डब्यातलं चीज किसलं, आणि सगळं मिटवून त्यावर पाट ठेवला आणि पाटावर डाळीचा भरलेला डबा. थोडं थांबून तव्यावर दाबून दाबून शेकलं. वास बाहेर गेला असणार, कारण रोमची गोष्ट मधेच थांबली. आईनं तव्यात सांडलेला चीजचा करपलेला तुकडा उचलून तोंडात टाकला. ‘‘हे तुला कुणी शिकवलं गं?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. तिनं फळीवरून ताटल्या उतरवल्या.

बाहेर ताटल्या नेल्या. कोपऱ्यातून रस गळत होता आणि चावलं की कवच कुरकुर वाजत होतं. आमच्या बाहेरच्या खोलीत इतकी शांतता मी फक्त निवडणुकीच्या बातम्यांना पाहिली होती. लिमये सर म्हणजे विद्यार्थ्याला पन्नासाच्या वर मार्क दिले तर आपले कमी होतात असं मानणारे गृहस्थ. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. वैद्य वकिलांनी मिशीला लागलेलं तेल पुसायचीसुद्धा घाई केली नाही. ‘‘झकास! श्रीकांत, हात आहे बुवा तुझ्या अंगी!’’

मी काकाकडे बघत उभी होते. आता तरी हा म्हणेल, अरे मी कुठला, नीलूनं केलंय. तो म्हणाला, ‘‘हात उपजतच असावा लागतो, वैद्य. शिकून येत नाही.’’

अजूनही हे वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. श्रीकाका आता ऐंशीच्या पुढे आहे, कोथरूडच्या सोसायटीत राहतो, आणि पुण्यात इटालियन जेवण आपणच आणलं असं बागेतल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना सांगतो. ते ऐकतात. बिचाऱ्यांना ऐकायला कमी येतं.

मी म्हटलं, ‘‘काका, तुम्ही बाबांशी बोलणार होतात.’’

‘‘अं? हां, ते,’’ तो तोंड पुसत म्हणाला. ‘‘दादा, ही त्या हॉटेलच्या कोर्सचं म्हणतेय. मी म्हणतो, कशाला? मी तिथली स्वयंपाकघरं बघितलीत. ती धग, ती आरडाओरड. बाप्यांचं काम आहे ते. मुलीला हौस असेल तर घरी करावं की. आज मी केलंच ना?’’

‘‘तेच म्हणतोय मी कधीचा,’’ बाबा म्हणाले. ‘‘विषय संपला. सोमवारी बी.कॉम.ला नाव घालू.’’

आणि काकानं तोंडात घास टाकला. माझ्या हातचा घास. मला रडू आलं नाही. अशा माणसावर आपण आठवडाभर भिस्त ठेवली याची शिसारी आली. काय लायकीचं माणूस निवडलं मी, तर हे! सोमवार गेला की गेलं सगळं, आणि पुढची तीन वर्षं जमाखर्च.

तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात ताटली होती आणि ताटलीत तिच्या वाटणीचं सँडविच. बाबांचे मित्र आले की आई चहा ठेवायला येई, कप न्यायला येई, बसायला कधी नाही. ती सरळ वेताच्या खुर्चीत बसली, बाबांच्या समोर, आणि तिनं एक मोठा घास घेतला. सावकाश चावला. बाबांच्या भुवया वर गेल्या.

‘‘भावजी,’’ ती म्हणाली, ‘‘फारच छान झालंय. सगळ्यांना आणखी हवं असेल. पाव अजून आहेत. आणखी चार करा ना.’’

‘‘मी? हो, म्हणजे... नीलू, जरा...’’

‘‘नीलू दमलीय. ती बसेल इथे माझ्याजवळ. हात तुमच्याच अंगी आहे.’’

वकील आणि सर दोघेही उत्साहानं ‘‘जा जा’’ म्हणाले. काकाला उठावंच लागलं. मग आतून आवाज येऊ लागले. काहीतरी पडलं. काहीतरी चरचरलं. ‘‘आई गं!’’ असं एकदा. बाबा अस्वस्थ होऊन उठायला लागले तर आई म्हणाली, ‘‘बसा हो, त्यांना सवय आहे.’’ मग आतून हाक आली, ‘‘वहिनी, ते माझं ऑलिव्ह तेल कुठंय?’’

‘‘मोरीत. फळीवर.’’

‘‘मोरीत?’’

‘‘गार जागा आहे ना ती,’’ आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

‘‘करेक्ट!’’ काका ओरडला. ‘‘गार जागीच ठेवायचं असतं ते. बघा, वहिनींना बरोबर माहितेय!’’

मी मान खाली घातली. हसले असते तर सगळंच मुसळ केरात. बऱ्याच वेळानं काका घाम पुसत ताटल्या घेऊन आला. पाव एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला पांढराफटक. वांगं कच्चं. तेल मात्र त्यानं हात न आखडता घातलं होतं. वैद्य वकिलांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा जबडा मधेच थांबला.

‘‘श्रीकांत,’’ ते म्हणाले, ‘‘आरती झाली का रे आत?’’

लिमये सरांनी रुमाल तोंडाला लावला आणि ते गॅलरीकडे गेले. बाबांनी ताटली नाकाजवळ नेली, हुंगली, पुन्हा हुंगली. ओळख पटायला त्यांना वेळ लागला नाही. रोज रात्रीचा वास तो.

‘‘अगं, हे तर माझ्या गुडघ्यांचं तेल!’’

काकाचं तोंड उघडं ते उघडंच. बाबा एकदा पहिल्या ताटल्यांकडे बघत होते, एकदा दुसऱ्या. भूगोलाचे मास्तर असले तरी इतकं गणित त्यांना येत होतं. ‘‘मग मघाचं?’’

‘‘मघाचं नीलूनं केलं,’’ आई म्हणाली. ‘‘सगळं. मी दाराशी उभी होते. वांगं भाज एवढंच सांगितलं मी, ते न सांगता तिनं भाजलंच असतं. इतकी वर्षं मी या घरात रांधतेय, मला नसतं सुचलं. आणि जिला हे सुचतं तिला तुम्ही जमाखर्च शिकवायला निघालात.’’

आईला सलग इतकं बोलताना मी प्रथमच ऐकत होते. बहुधा बाबाही. मग त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्या पुण्याचं शेवटचं शस्त्र बाहेर काढलं.

‘‘ते सगळं ठीक आहे. पण आपल्या घरातली मुलगी हॉटेलात? लोक काय म्हणतील?’’

‘‘लोक समोरच बसलेत,’’ आई म्हणाली. ‘‘विचारा.’’

बाबांना विचारावं लागलं नाही, नुसतं बघावं लागलं. लिमये सर नुकतेच गॅलरीतून परत आले होते. त्यांनी चष्मा पुसला, रिकाम्या पहिल्या ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘माझं म्हणाल तर... मघाच्यासारखं अर्धं मिळालं तर बरं होईल.’’

‘‘मला सबंध,’’ वैद्य वकील म्हणाले. ‘‘आणि मुलीला अडवू नका हो, उगाच.’’

‘‘नीलू,’’ बाबा म्हणाले, ‘‘ऐकलंस ना?’’

‘‘ऐकलं,’’ मी म्हटलं आणि जागची हलले नाही. आईनं मला ऊठ म्हटलं नाही. काका छताकडे बघत होता. बाबांनी कापराच्या वासाची ताटली हातानं लांब सारली.

‘‘सोमवारी साडेदहाला तयार राहा,’’ शेवटी बाबा म्हणाले. ‘‘मी येतो बरोबर. त्या हॉटेलच्या कॉलेजात सही करायला लागते ना बापाची?’’

‘‘लागते.’’

‘‘करतो.’’

मग मी पाव कापायला उठले.